सैरंध्रीचे हात : नायिकेची पुनर्घडण आणि तिचा चाहता

१

लोकांच्या मनात घर करून बसलेल्या नायिकेला एखादा लेखक, नाटककार किंवा चित्रकार नव्याने घडवतो, तेव्हा तिच्या चाहत्यांत कधी हर्ष तर कधी क्षोभ उसळतो. या प्रतिसादाची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात सहसा होत नाही. कर्ता, कृती आणि काळ यांचा विचार आपण तपशिलाने करतो. प्रेक्षकांच्या टाळ्या, शिट्ट्या, हुंदके आणि संतप्त पत्रे मात्र आठवणींच्या पुस्तकांकडे सोपवून देतो. चाहता म्हणजे भाबडा, हट्टी, बदलाला विरोध करणारा वाचक, असे आपण गृहीत धरलेले असते. ‘सहृदय’ या आपल्या जुन्या संकल्पनेत त्याला जागा नाही आणि आधुनिक समीक्षेच्या ‘जाणकार वाचका’तही नाही.

हे गृहीत तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. त्यासाठी दोन नायिका निवडल्या आहेत. पहिली विराटपर्वातील सैरंध्री, म्हणजे अज्ञातवासातील द्रौपदी. १९०७ ते १९३३ या काळात ती मराठी नाटकातून आणि कोल्हापूरच्या चित्रपटातून तीनदा नव्याने अवतरली. दुसरी अमेरिकन चित्रकथांतील ‘वंडर वूमन’, जिला १९६८ साली तिच्याच प्रकाशकांनी नव्या रूपात आणले आणि १९७३ साली तिच्या चाहत्यांच्या आग्रहामुळे पुन्हा जुन्या रूपात नेले. या दोघींना एकत्र आणणे वरवर विचित्र वाटेल. परंतु दोघीही मुळात अलौकिक सामर्थ्याशी जोडलेल्या. दोघींनाही ते सामर्थ्य झाकून किंवा गमावून सामान्य स्त्रीसारखे पोट भरावे लागले. आणि दोघींच्याही बाबतीत चाहत्यांचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरला : या स्त्रीच्या सामर्थ्याचे आणि संतापाचे मालक कोण?

२

प्रथम मूळ संहितेकडे जाऊ. विराटपर्वातील द्रौपदी राणी सुदेष्णेकडे सैरंध्री म्हणून राहते. दुसऱ्याच्या घरी राहून केशरचना करणारी, उटणी वाटणारी, माळा गुंफणारी ही कारागीर दासी. राणीचा भाऊ आणि विराटाचा सेनापती कीचक तिच्या मागे लागतो. सुदेष्णा तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने त्याच्या घरी धाडते. ती तेथून निसटून राजसभेत धावते, तर कीचक तिचे केस धरून भरसभेत तिला लाथ मारतो. विराट पाहत राहतो. कंकाच्या वेषातील युधिष्ठिर तिला जायला सांगतो, आणि जाता जाता म्हणतो की ती वेळकाळ न ओळखता नटीसारखी रडते आहे व राजसभेत चाललेल्या द्यूतात विघ्न आणते आहे.

त्या रात्री ती पाकशाळेत भीमाकडे जाते. या भेटीत एक तपशील असा आहे की ज्याच्याजवळ वाचकाने थांबावे. आपल्या दुःखांचा पाढा वाचताना द्रौपदी त्याला आपले हात दाखवते. कुंतीखेरीज कोणासाठीही, स्वतःसाठीसुद्धा, चंदन न उगाळणाऱ्या तिला आता राजासाठी चंदन उगाळावे लागते, आणि त्याने हातांना घट्टे पडले आहेत. भीम ते हात स्वतःच्या तोंडाशी नेतो आणि रडतो. कीचकाच्या वधाचा निश्चय पक्का होतो तो या भेटीतून. वधानंतरही द्रौपदी गप्प बसत नाही. नर्तनगृहाच्या रक्षकांना तीच हाक मारते आणि माझ्या गंधर्व पतींनी याला मारले, पाहा, असे सांगते.

म्हणजे व्यासांच्या संहितेत सैरंध्री ही एकाच वेळी तीन गोष्टी आहे : अपमानित राणी, सूड योजणारी स्त्री, आणि मालकाच्या नातलगाकडून छळली जाणारी, हाताला घट्टे पडलेली कामकरी बाई. पुढील प्रत्येक पुनर्घडणीत या तिघींपैकी कोण पुढे आली आणि कोण मागे राहिली, हे पाहणे उद्बोधक आहे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे प्रेक्षकांनी कोणाला ओळख दिली हे पाहणे.

३

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. वंगभंग होऊन दोन वर्षे झाली होती, लॉर्ड कर्झन मायदेशी परतला होता, आणि सुरतेस काँग्रेस फुटण्याचा प्रसंग त्याच वर्षाच्या अखेरीस घडणार होता. खाडिलकर ‘केसरी’च्या परिवारातले. नाटकात कर्झनचे नाव नाही, हिंदुस्थानचे नाव नाही. कथा सर्वस्वी पौराणिक. पण प्रेक्षकाला किल्ली हातात द्यावी लागली नाही. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण थिएटरातच मांडले गेले आणि थिएटरातच सुटले.

या प्रतिसादाची सर्वांत सविस्तर नोंद एका विरोधकाने करून ठेवली आहे. जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये या नाटकावर मजकूर आला. त्यातले वर्णन व्हॅलेंटाइन चिरोलच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकामुळे सर्वत्र पोहोचले. याच पुस्तकात पुणे आणि कोल्हापूर यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कीचकाची कृत्ये पाहताना ताणलेले पुरुषांचे चेहरे, द्रौपदीच्या विनवण्या ऐकताना चमकणारे स्त्रियांचे डोळे, युधिष्ठिराच्या मवाळपणाबद्दलचा तिरस्कार, आणि वधाच्या वेळी प्रेक्षागृहातून उठणारा समाधानाचा हुंकार यांचे त्यात बारकाईने वर्णन आहे. लेखकाचा हेतू नाटक राजद्रोही आहे हे दाखवण्याचा होता. पण त्या भरात त्याने मराठी प्रेक्षकाच्या नाट्यानुभवाचा एक दुर्मीळ दस्तऐवज मागे ठेवला. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याखाली सरकारने नाटकावर १९१० च्या जानेवारीतच बंदी घातली. त्याआधी महिनाभरच, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकला ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा वध झाला होता. नाट्यगृह ही सरकारच्या दृष्टीने आता केवळ करमणुकीची जागा उरली नव्हती.

येथे एक सैद्धान्तिक अडचण उभी राहते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांत प्रेक्षकाने नाट्यवस्तू विशिष्ट देशकालाशी बांधून पाहणे हे एक विघ्न आहे, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. या कसोटीने पाहिले तर ‘कीचकवधा’चा प्रेक्षक पुरता विघ्नग्रस्त होता. त्याला विराटनगरी दिसतच नव्हती. त्याला कलकत्ता आणि पुणे दिसत होते. तरीही नाटकाला जे अर्थपूर्णत्व आले ते नेमके या ‘विघ्ना’मुळे. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ च्या सुमारास मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. प्रेक्षक रिकाम्या मनाने येत नाही. पूर्वी ऐकलेली कीर्तने, वाचलेली वर्तमानपत्रे, भोगलेले अपमान यांचे क्षितिज घेऊन येतो, आणि नवी कृती त्या क्षितिजाला भिडते. १९०७ च्या प्रेक्षकाच्या क्षितिजावर भारतमाता आधीच उभी होती. खाडिलकरांनी सैरंध्रीला तिच्यासमोर आणून उभे केले इतकेच.

पण क्षितिजाच्या या भाषेत एक किंमत लपलेली आहे. द्रौपदी भूमी झाली की ती स्त्री उरत नाही. चमकणाऱ्या डोळ्यांच्या त्या स्त्रिया काय पाहत होत्या, हे कोणी विचारले नाही. सरकारलाही त्यांच्या डोळ्यांत राजद्रोहच दिसला, आणि देशभक्तांनाही देशभक्तीच. घरात, माजघरात, दुसऱ्याच्या चुलीशी राबताना त्यांनी स्वतः पाहिलेला एखादा कीचक त्या क्षणी त्यांना आठवला असेल, ही शक्यता दोन्ही पक्षांच्या वाचनात बसत नव्हती. रंगभूमीवर द्रौपदीचे काम पुरुष नट करीत होता, हेही विसरता येत नाही. स्त्रीच्या अपमानाचे नाटक, पुरुषाच्या देहातून, राष्ट्राच्या नावाने घडत होते. या तिहेरी आवरणाखाली घट्टे पडलेले हात कोणाला दिसणार?

४

तेरा वर्षांनी सैरंध्री पुन्हा आली, आणि यावेळी ती कोल्हापुरातून आली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. कॅमेराही त्यांनी स्वतः कोल्हापुरातच घडवला. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीचे काम पुरुषाने केले होते. पेंटरांच्या चित्रपटात स्त्रियांनी कामे केली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यावर कमलादेवी व सुशीलादेवी ही नावे मिळाली. पडद्यासाठी नाव बदलावे लागणे ही गोष्टच त्या काळी या कामाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई हे सांगून जाते.

या पुनर्घडणीला प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद मराठी चित्रपटसृष्टीच्या दंतकथेत जमा झाला आहे. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या, काही जण भोवळ येऊन पडले, आणि पुढे ते दृश्य कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. ज्या कथेवर दहा वर्षांपूर्वी सरकारने रंगभूमीवर बंदी घातली होती, ती आता पडद्यावरून वावरत होती. १९०७ साली भीतीचे कारण रूपक होते. १९२० साली ते दृश्याचे वास्तव होते. पहिल्या वेळी प्रेक्षकाला कीचकामागे कोणीतरी दुसरा दिसला म्हणून कात्री चालली. दुसऱ्या वेळी त्याला कीचकाचाच देह दिसला म्हणून.

हा फरक कोल्हापूरच्या मातीतून समजावून घेता येतो. कसबा बावड्यातून शहरात उतरले की काही अंतरावर खासबागेचे कुस्ती मैदान आणि त्याला लागून पूर्वीचे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ही जोडगोळी लागते. बावड्यातच जन्मलेल्या शाहू महाराजांनी मैदान १९१२ साली आणि नाट्यगृह १९१५ साली उभारले. ऑगस्ट २०२४ च्या आगीत नाट्यगृह भस्मसात झाले, तेव्हा शहराने केवळ इमारत गमावली असे कोणाला वाटले नाही. अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. एकाच भिंतीला टेकलेली ही दोन प्रेक्षागृहे कोल्हापूरच्या रसिकतेचा स्वभाव सांगतात. येथील प्रेक्षकाला डाव, पकड आणि दम यांची जाण असते. त्याच्या दृष्टीने भीम हा आधी मल्ल असतो, मग जहालांचा प्रतिनिधी. अशा नगरीत घडलेल्या चित्रपटात कीचकवध हे रूपक न राहता कुस्ती व्हावे, आणि कुस्ती पाहता पाहता मरण व्हावे, हे स्वाभाविक होते.

पण कुस्ती म्हटली की लक्ष मल्लाकडे जाते. चित्रपटाचे नाव ‘सैरंध्री’, आणि त्याची आठवण मात्र भीमाची. प्रिंट आज उपलब्ध नाही. म्हणून पेंटरांनी सैरंध्रीला कसे घडवले होते यावर निवाडा देता येत नाही. निवाडा देता येतो तो स्मृतीवर. प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत ठेवले ते दृश्य तिचे नाही.

तिसरा अवतार प्रभातचा. पेंटरांकडे तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला ‘सैरंध्री’ १९३३ सालचा. यावेळी नावीन्य होते रंगाचे. चित्रपटावर पुढील प्रक्रिया जर्मनीत करून घेतली गेली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि चित्रपट चालला नाही. त्याच वर्षी प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यास बिऱ्हाड हलवले. या अपयशाचे खापर रंगांवर फोडले जाते, आणि तांत्रिक दृष्ट्या ते बरोबरही असेल. तरीही एक विचार मनात येतो. १९०७ साली सैरंध्रीला राजकीय अर्थ होता, १९२० साली चलच्चित्राच्या नव्या वास्तवाचा धक्का होता. १९३३ साली तिला फक्त नवी वस्त्रे मिळाली. नायिकेच्या पुनर्घडणीत रूप बदलले आणि प्रश्न बदलला नाही, तर चाहता रूप पाहतो आणि उठून जातो. रागावण्याइतकेही त्याचे तिच्याशी काही उरत नाही.

५

आता दुसऱ्या नायिकेकडे वळू. ‘वंडर वूमन’ १९४१ च्या अखेरीस अवतरली. तिचा कर्ता विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ, चित्रकार एच. जी. पीटर. ग्रीक पुराणातील अ‍ॅमेझॉन स्त्रियांच्या बेटावरून पुरुषांच्या जगात आलेली ही राजकन्या म्हणजे मुळातच एका पुराणकथेची पुनर्घडण होती. १९४७ साली मार्स्टन निवर्तला आणि तिची लेखणी इतरांच्या हाती गेली. १९६८ साली लेखक डेनिस ओ’नील आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांनी तिला नवे वळण दिले. अ‍ॅमेझॉन भगिनी दुसऱ्या मितीत निघून जातात. मागे राहायचे म्हणून डायना आपले सर्व सामर्थ्य सोडून देते. आणि सामान्य स्त्री होऊन कपड्यांचे दुकान चालवू लागते. एका अंध चिनी गुरूकडून ती हाताने लढायला शिकते.

विराटपर्वाचा वाचक येथे थबकल्यावाचून राहत नाही. राजकन्या, अज्ञातवास, आणि दुसऱ्यांना सजवण्याचा व्यवसाय! पटकथाकारांना अर्थातच सैरंध्री ठाऊक असण्याचे कारण नाही. सामर्थ्यशाली स्त्रीला सामान्य करायचे झाले की कल्पना तिला शृंगारसाधनांच्या दुकानात नेऊन बसवते, एवढा हा योगायोग बोलका आहे.

ओ’नील यांची भूमिका अशी होती की अलौकिक शक्तीविना स्वतःच्या बळावर उभी राहणारी स्त्री अधिक आधुनिक ठरेल. चाहत्यांतील एका पिढीने नेमका उलटा अर्थ लावला. लहानपणी ही चित्रकथा वाचून वाढलेल्या, आणि आता स्त्रीमुक्तीच्या चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना वाटले की आमच्या एकुलत्या एका बलशाली नायिकेचे बळ काढून घेतले गेले. ग्लोरिया स्टायनम यांच्या ‘मिझ’ मासिकाचा पहिला नियमित अंक जुलै १९७२ मध्ये निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर जुन्या वेषातील वंडर वूमन शहरावरून पावले टाकत चाललेली होती आणि तिला राष्ट्राध्यक्ष करा अशी घोषणा होती. १९७३ च्या आरंभीच्या २०४ व्या अंकात तिचे सामर्थ्य तिला परत मिळाले. वाचकवर्गाने प्रकाशकाला नमवल्याचे हे ठळक उदाहरण म्हणून सांगितले जाते.

परंतु या विजयाच्या शेजारी एक पराजय झाकलेला आहे. सामर्थ्य परत येण्यापूर्वीचे दोन अंक, २०२ आणि २०३, सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने लिहिले होते. २०३ व्या अंकाचा विषय होता एका मोठ्या दुकानात राबणाऱ्या स्त्रियांना मिळणारे तुटपुंजे वेतन. सहा भागांची मालिका त्यांच्या मनात होती, आणि शेवटच्या भागात स्त्रियांच्या गर्भपात-चिकित्सालयाच्या रक्षणाचा लढा येणार होता, असे डिलेनी यांनीच पुढे सांगितले आहे. नायिकेला जुने रूप परत देण्याच्या घाईत ती मालिका गुंडाळली गेली. स्त्रीमुक्तीच्या नावाने झालेल्या आग्रहात, कामकरी स्त्रियांची गोष्ट सांगणारी चित्रकथा बंद पडली. चाहत्यांनी प्रतीक वाचवले. स्त्रीची गोष्ट हातची गेली.

हे लिहिताना स्टायनम यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. शेकडो पुरुष नायकांत एकच बलशाली स्त्री असेल, तर तिचे बळ काढून घेणे ही ‘सर्जनशील’ निवड म्हणून सोडून देता येत नाही. दुर्भिक्षाच्या काळात प्रतीकाचे मोल वाढते. तेच १९०७ च्या पुण्याबद्दलही म्हणता येईल : ज्या राष्ट्राला बोलण्याची मुभा नव्हती, त्याने द्रौपदीच्या तोंडून बोलून घेतले. चाहत्याच्या हट्टामागे बहुधा असे काहीतरी दुर्भिक्ष असते, आणि समीक्षकाने हट्टाला हसण्यापूर्वी दुर्भिक्ष ओळखले पाहिजे. मात्र दुर्भिक्ष सरल्यावरही प्रतीकाचीच पूजा चालू राहिली तर काय होते, हे २०१६ साली दिसले. त्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांनी वंडर वूमनला स्त्रियांच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत नेमले, आणि सुमारे ४५ हजार सह्यांच्या विरोधानंतर दोन महिन्यांतच ती मोहीम आटोपती घेतली. चित्रातल्या बाईपेक्षा हाडामांसाची बाई का सापडली नाही, हा विरोधकांचा प्रश्न होता.

६

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ (१९६७) मधील द्रौपदीवरील लेखाची येथे आठवण होते. महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचे जे चित्र कर्व्यांनी रेखाटले, ते महाभारतात नाही. पण त्यापूर्वी थांबून त्यांनी वाचकाला सांगून टाकले की येथवरचे विवेचन संशोधित आवृत्तीच्या आधारे आहे. यापुढची ती माझी ‘नरोटी’. नाथांच्या वापरातून आलेला हा शब्द : आतला गर निघून गेलेली करवंटी. पुनर्घडण करणाराने असा सांधा उघडा ठेवला की वाचकालाही आपला सांधा ओळखता येतो. मूळ कोठे संपते आणि माझी गरज कोठे सुरू होते, हे त्याला तपासता येते.

चाहत्यांच्या प्रतिसादाचा इतिहास लिहायचा तर याच सांध्यावर बोट ठेवून लिहावा लागेल. प्रेक्षक हा नायिकेचा सहकर्ता आहे हे एकदा मान्य केले की तो तिच्या उणिवांचाही सहकर्ता ठरतो. ‘कीचकवधा’चा प्रेक्षक खाडिलकरांइतकाच त्या नाटकाचा निर्माता होता, म्हणून दासी सैरंध्रीच्या जागी भूमी बसवण्याचे उत्तरदायित्वही त्याच्याकडे जाते. कोल्हापूरच्या चित्रपटाची स्मृती जपणाऱ्यांनी भीमाचा डाव जपला आणि ज्या हातांमुळे तो डाव टाकला गेला ते विसरले. अमेरिकेतील वाचकांनी तारांकित वेष परत मिळवला आणि दुकानातल्या बायांचा पगार त्या वेषाखाली दिसेनासा झाला. चाहता निष्ठावान असतो. पण त्याची निष्ठा नायिकेच्या कोणत्या अंगाशी आहे, हे त्याला स्वतःला नेहमी ठाऊक असतेच असे नाही.

पदव्युत्तर वर्गात विराटपर्व शिकवताना एक अनुभव हल्ली वारंवार येतो. मुले भीमाशी थांबतात. मुली सुदेष्णेशी थांबतात. भावाचा स्वभाव माहीत असूनही तिने सैरंध्रीला त्याच्या घरी का धाडले, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली कायदा झाला. त्या कायद्याच्या भाषेत वाढलेल्या या वाचक आहेत. त्यांच्या अपेक्षांच्या क्षितिजावर भारतमाता नाही, कुस्तीचे मैदानही नाही. तेथे एक कार्यालय आहे, वरिष्ठाचा नातलग आहे, गप्प बसलेली वरिष्ठ स्त्री आहे, आणि तक्रार करायला गेल्यावर ‘सभेच्या कामात विघ्न आणू नकोस’ असे सांगणारा सज्जन सहकारी आहे. हेही अभिनवगुप्ताच्या दृष्टीने रसविघ्नच. पण या विघ्नामुळे संहितेतील जो श्लोकसमूह शतकभर आपल्या वाचनात मागे पडला होता, तो पुढे येतो.

सैरंध्रीचा पुढचा अवतार कोणत्या माध्यमात होईल हे सांगता येत नाही. चित्रकथा असेल, चित्रपट असेल, नाटक असेल. तो पाहून चाहते भांडतील हे मात्र नक्की, आणि त्यांनी भांडावेही. एवढेच की त्या भांडणात, भीमाने तोंडाशी धरलेल्या त्या दोन हातांची बाजू घेणारे कोणीतरी असावे.